छपरातून गेलेली सनई

मी सिनेमा शिकलो आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग अंगातल्या कारखान्याच्या खाकी शर्टाकडे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी पिंपांवर लेबलं चिकटवतो. लेबल वाकडं बसलं की सुपरवायझर ओरडतो, पण माझं सहसा वाकडं बसत नाही. चौकट सरळ कशी धरायची हे मला मुंबईत दोन वर्षं शिकवलं होतं, तेव्हा शिक्षण अगदीच फुकट गेलं असं कोणी म्हणू नये. डिप्लोमा मात्र माझ्याकडे नाही. तो का नाही, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक आहे.

१९७९ साली मुंबईतल्या एका कॉलेजात चित्रपट, प्रसारमाध्यमं आणि तंत्रज्ञान असा लांबलचक नावाचा अभ्यासक्रम निघाला. मी महाडहून बी.ए. झालो होतो आणि घरी बसून होतो. पेपरातली जाहिरात वाचून अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, सिनेमाच का शिकायचा आहे? मी म्हटलं, आमच्या गावापर्यंत तो येत नाही म्हणून. ते हसले आणि त्यांनी मला घेतलं. वर्गात आम्ही अठरा जण. बाकीचे सतरा परदेशी दिग्दर्शकांची नावं अशी घ्यायचे की पहिला महिनाभर मला ती औषधांची नावं वाटत होती. मी तोवर महाडच्या तंबूतले सिनेमे पाहिले होते, तेही पडद्याच्या मागच्या बाजूने, जिथून नायक डावखुरा दिसतो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने आपला लघुपट करायचा होता. कृष्णधवल फिल्मची तीन रिळं, म्हणजे सगळी मिळून आठ मिनिटं. किल्ली देऊन चालणारा कॅमेरा, कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणि तीन आठवडे. रीळ खराब झालं तर दुसरं मिळणार नाही आणि फिल्म दिली नाही तर डिप्लोमा नाही, असा नियम होता. मी आधी महाडच्या वसाहतीवर फिल्म करतो म्हणून लिहून दिलं. शेतं जात होती आणि कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, तेच दाखवायचं माझ्या मनात होतं. आमचे सर पुण्याचे, मवाळ बोलणारे, खादीचा झब्बा घालणारे. त्यांनी कागद वाचून परत दिला. हे वर्तमानपत्रात येतंच, म्हणाले, तुझं स्वतःचं असं काय आहे?

आता हे मला कोणी दटावून विचारलं नव्हतं. पण वर्गात कोणाच्या घरी पियानो होता, कोणाचे मामा नाटकात होते, आणि माझं स्वतःचं असं काय या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसणं मला सोसवलं नाही. मी म्हणालो, माझे वडील सनई वाजवायचे. सर खुर्चीत पुढे सरकले. दोन वर्षांत माझ्या बोलण्यावर ते पहिल्यांदाच असे पुढे सरकले होते, आणि मी एवढ्यावर भाळलो. वाजवायचे म्हणजे आता का वाजवत नाहीत, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ते सांगायला हवं होतं. आमचं गाव जांभळखोल. पोलादपूरला एसटीतून उतरून आंबेनळी घाटाच्या रस्त्याने काही अंतर चालायचं आणि मग ओढ्याच्या अंगाने आत शिरायचं. वरच्या अंगाला गाव, खाली ओढ्याकाठी आमची बौद्धवाडी. धर्मांतराच्या आधी गावाचं वाजप वाडीकडे होतं. शिमग्याची पालखी असो, लग्न असो, सनई, ढोल, झांज घेऊन आमच्या लोकांनी जायचं, देवळाबाहेर उभं राहून वाजवायचं आणि उरलंसुरलं अन्न पदरात घेऊन घरी यायचं. कलाकार वगैरे शब्द मी मुंबईत ऐकले. इथे ते काम होतं, आणि नाही म्हणायची सोय नसलेलं काम होतं. सत्तावन्नच्या शिमग्याआधी वाडीने बैठक घेतली. यापुढे कोणी वाजवायचं नाही असं ठरलं आणि एका सकाळी सगळी वाद्यं सावित्री नदीत सोडून दिली. मी तेव्हा आयच्या कडेवर होतो.

गावाने मग वाडीला वाळीत टाकलं. पावसाळाभर शेतावर बोलावणं नाही, दुकानातून मीठ नाही, गावातून जाणारी वाट बंद. त्या श्रावणात वाडीतल्या धोंडूबाबांची सहा वर्षांची मुलगी सोनी तापाने फणफणली. जवळची वाट बंद म्हणून वाडीतल्या चौघांनी तिला डोलीत घालून ओढ्याच्या लांबच्या वळणाने पोलादपूरला न्यायला काढलं. पोर वाटेतच गेली. त्या चौघांत एक माझा बा होता, श्रीपत. तेव्हापासून वाडीत सनई वाजली नाही. लग्नालासुद्धा महाडचा बँड येतो, नाहीतर नुसत्या टाळ्या वाजतात.

पुढे वाडीने बाला पौर्णिमेच्या वंदनेचा मान दिला. त्याचा आवाज गोड आणि शब्द स्वच्छ होते. विहारात तो पुढे उभा राहून म्हणायचा आणि मागून सगळी वाडी म्हणायची. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माझ्या बाला आयुष्यात अभिमान वाटावा अशी ही एकच गोष्ट होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो आपला पांढरा सदरा स्वतः धुवायचा, आयला हात लावू द्यायचा नाही.

मे महिन्यात मी कॅमेऱ्याची पेटी घेऊन घरी आलो आणि बाला सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं की फिल्म दिली नाही तर काय होईल. मी म्हटलं, डिप्लोमा मिळणार नाही. दुसऱ्या कशाची फिल्म चालणार नाही का, असं आयने मध्येच विचारलं. चालली असती. सरांना पत्र टाकून मी विषय बदलून घेऊ शकलो असतो. पण सर खुर्चीत पुढे सरकलेले माझ्या डोळ्यांसमोर होते, म्हणून मी नाही म्हणालो.

बा उठला, माळ्यावर चढला आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली सनई घेऊन खाली आला. मला वाटत होतं ती चोवीस वर्षांपूर्वीच नदीत गेली. आयला ठाऊक होतं, हे तिच्या मान खाली घालण्यावरून कळलं. सनई काळी पडली होती, पण तिची फुंकायची पत्ती कोरी, हिरवट पिवळी होती. ताडाच्या पानाची पत्ती वर्षभरसुद्धा धड टिकत नाही. म्हणजे बा दर वर्षी नवी पत्ती कापत होता, घासून तयार करत होता, सनईला बसवत होता आणि न वाजवता परत माळ्यावर ठेवून देत होता. मला खरं तर आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

वाजवायचं ते घरात, दारं लावून, असं बाने सांगितलं. मग माझं शिक्षण कामाला लागलं. गोधडी आवाज शोषून घेते हे मला कॉलेजात शिकवलं होतं. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या मी दारा-खिडक्यांवर टांगल्या, सनईच्या खालच्या रुंद तोंडात फडकं कोंबलं आणि आयला बाहेर चिंचेखाली उभं केलं. बाने हलकेच दोन सूर काढले. आय आत येऊन म्हणाली, बारीकसं काही येतं, पोरं आंब्याच्या कोयीची पिपाणी वाजवतात तसं. आवाजाचं काम झालं. मी वहीत तशी खूणही केली.

उजेडाचं मात्र जमेना. छपरात काचेचं एकच कौल होतं. उजेड मोजायच्या यंत्राचा काटा जागचा हलत नव्हता. आयची परात भिंतीला टेकवून पाहिली, पांढरं धोतर धरून पाहिलं, पण त्या उजेडात फिल्मवर काळोखाशिवाय काही उमटणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसलो असताना मला दिसलं की वाडीतल्या निम्म्या छपरांवर माणसं चढलेली आहेत. पावसाआधी कौलं परतायचे दिवस होते. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, हे काम दर वर्षी मे महिन्यात घरोघर चालतं. आम्हीही आमची कौलं उतरवली तर कोणाला काय संशय येणार? माजघरावरची सगळी कौलं उतरवायची, वरून दुपारचं ऊन आत घ्यायचं आणि दारं तशीच बंद ठेवायची. मला वाटलं, सर इथे असते तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती.

आम्ही बापलेकांनी सकाळभर कौलं उतरवून घरापुढच्या खळ्यात रचली. दुपारी बारा वाजता उन्हाचा चौकोन बरोबर माजघराच्या मधोमध पडला. यंत्राचा काटा झपकन वर गेला. मी दारं लावली, गोधड्या नीट केल्या, टेपरेकॉर्डर सुरू केला. कॉलेजात उजेड सोमवारी शिकवायचे आणि ध्वनी गुरुवारी. सोमवार आणि गुरुवार एकाच छपराखाली येतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दारं-खिडक्या बंद करून आणि छप्पर उघडं टाकून आम्ही सनई लपवायला बसलो होतो, आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही.

एकदा किल्ली दिली की कॅमेरा अठ्ठावीस सेकंद चालायचा. पहिल्या दोन रिळांत बा दबून वाजवत होता. बोटं अडखळत होती, डोळे दाराकडे जात होते. तिसरं रीळ लावलं तेव्हा त्याची बोटं मोकळी झाली. त्याने वाजवणं थांबवून सनईच्या तोंडातलं फडकं उपसून काढलं आणि बाजूला टाकलं. मी ते कॅमेऱ्यातून पाहिलं. तेव्हाच मी त्याला थांबवायला हवं होतं. मी किल्ली दिली. कारण चौकट अशी जमली होती की तशी पुन्हा कधी जमली नसती: वरून ऊन, त्यात तरंगणारी कौलांची धूळ, आणि मधोमध मांडी घातलेला माझा बा, गाल फुगलेले, डोळे मिटलेले. शेवटी त्याने डोळे उघडून वर आभाळाकडे पाहिलं. सनई ओठांत होती तरी तो हसतो आहे हे दिसत होतं. मी बाला असं कधी पाहिलं नव्हतं. रीळ संपलं तरी तो वाजवतच होता.

मग आयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वर काहीतरी दिसलं होतं. मी मान वर केली. शेजारचा भागोजी त्याच्या छपरावर उभा होता, हातात कौल, आणि आमच्या उघड्या छपरातून तो सरळ आमच्याकडे बघत होता. दार उघडलं तर खळ्यात वाडी जमली होती. बायका, पोरं, अर्ध्या जेवणावरून उठलेले बापे. कोणी शिवी दिली नाही. धोंडूबाबा आता सत्तरीचे, काठी टेकत ते पुढे आले. बाच्या हातात सनई तशीच होती.

"श्रीपा," ते म्हणाले, "डोलीचा एक खांदा तुजा व्हता."

एवढंच बोलून ते वळले आणि त्यांच्यामागून सगळे गेले. बा उंबऱ्यात उभा होता तो तिथेच खाली बसला.

संध्याकाळी विहारात बैठक झाली. मी तिन्ही रिळांचे डबे पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसलो होतो. एक-दोघे म्हणाले, कुटुंबच वाळीत टाका. धोंडूबाबांनी त्यांना गप्प केलं. ते म्हणाले, वाळीत टाकणं काय असतं ते आपण भोगलंय, आपण कोणाला टाकायचं नाही. फिल्म वाडीच्या ताब्यात द्या, तिची होळी करू आणि विषय संपवू. सगळ्यांचे डोळे माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे वळले. मी ती देऊन टाकली असती का? मला आवडेल म्हणायला की दिली असती. पण माझे हात पिशवीवर घट्ट होते. तेवढ्यात बा उठला.

"फिल्लम पोराची हाय," तो म्हणाला. "ती दिली तर तो नापास व्हतो. वाजवलं मी. मला काय द्यायची ती सजा द्या."

मग ठरलं की श्रीपतने यापुढे वंदना म्हणायची नाही. विहारात यायचं ते दाराशी, शेवटच्या ओळीत बसायचं. फिल्म पोराने न्यावी. बाने मान हलवली आणि लगेच तो दाराशी जाऊन बसला. असा तो सौदा झाला. बाने आपल्याकडे होतं ते सगळं दिलं आणि मी आठ मिनिटं घेतली.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी आज वेगळं बोललो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गावातले रावजी आमच्या खळ्यात आले. चांगली जमीन असलेले, पांढरी टोपी घालणारे गृहस्थ. गावाने वाडीला वाळीत टाकलं तेव्हा हे तरुण होते आणि वाट अडवणाऱ्यांत यांचे वडील हैबती पुढे होते. रावजी हसतमुखाने उभे राहिले. काल दुपारी वारा वरच्या अंगाला होता, म्हणाले, गावभर सनई ऐकू आली, म्हातारी माणसं उठून बसली. त्यांनी नारळ आणि सुपारी काढली आणि वाकून ओटीच्या कडेला ठेवली. वाजप ठरवायची जुनी रीत तीच आहे.

"पंधरा दिसांनी पोराचं लगीन हाय," ते म्हणाले. "झालं गेलं ते जुनं झालं, श्रीपत. आता वाजवतूच हायस, तर आमच्याकडं वाजव."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. वाईट असतं तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. चोवीस वर्षं, वाळीत काढलेला पावसाळा, सोनी, हे सगळं त्यांच्या लेखी एका दुपारच्या वाऱ्याने पुसून टाकलं होतं, आणि आम्हाला आनंद होईल अशी त्यांची खरोखर समजूत होती. आजूबाजूच्या ओट्यांवर वाडी उभी राहून बघत होती.

बा आत गेला आणि सनई घेऊन बाहेर आला. रावजींचा चेहरा खुलला. बा त्यांना ओलांडून पुढे गेला, खळं पार करून त्याने धोंडूबाबांच्या ओटीवर सनई ठेवली आणि तो परत आला. धोंडूबाबांनी ती उचलली आणि आत चुलीत घातली. लाकूड चोवीस वर्षांचं सुकलेलं, पटकन पेटलं. रावजी निघून गेले. नारळ मात्र तिथेच राहिला. चार दिवस तो ओटीच्या कडेला होता, कोणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी आयने तो ओढ्यात नेऊन टाकला.

मी मुंबईला आलो. फिल्म धुऊन आली आणि सरांनी ती सगळ्या वर्गाला दाखवली. टेपवर कॅमेऱ्याची घरघर होती, पण तिच्यावरून सनई स्वच्छ ऐकू येत होती. ज्या सतरा जणांनी मला दोन वर्षांत कधी चहाला बोलावलं नव्हतं, ते उठून माझ्याशी हात मिळवायला लागले. सर म्हणाले की इतका निखळ आनंद त्यांनी पडद्यावर क्वचित पाहिला आहे. ही कला लोप पावते आहे असं निवेदन लिही, म्हणाले. मग म्हणाले, शेवटाला त्यांचं एखाद्या खऱ्या लग्नातलं वादन हवं, त्याशिवाय वर्तुळ पूर्ण होत नाही. मी खास बाब म्हणून आणखी एक रीळ मिळवून देतो. गावात कोणाचं लग्न आहे का?

मी म्हटलं, आहे. आणि मग, दोन वर्षांत पहिल्यांदाच, मी त्यांना सगळं सांगितलं. वाजप, डोली, चूल, नारळ. फिल्म त्याच्यावर करतो, म्हणालो. बा का वाजवत नव्हता, त्याच्यावर. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी यंत्र मागे फिरवून बाचा तो शेवटचा चेहरा पुन्हा पडद्यावर आणला.

"दत्ताराम, तू सांगतोस ते खरं असेल," ते म्हणाले. "पण चित्रात ते कुठे आहे? चित्रात एक माणूस सुखाने सनई वाजवतो आहे."

त्यांचं बरोबर होतं. मी पडद्याकडे बघत बसलो. माझ्या बाने सनई सोडली ते त्याला आवडत नव्हती म्हणून नव्हे, हे त्या चित्रात शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि तरीही त्याने ती का सोडली, हे त्या आठ मिनिटांत कुठेच नव्हतं. ही फिल्म ज्याला ज्याला दाखवीन तो हेच म्हणणार होता: किती छान वाजवतो, बंद का केलं बिचाऱ्याने, वाजवू दे की. सर्वांच्या हातात नारळ-सुपारी. रावजी खळ्यात उभे होते आणि सर खुर्चीत बसले होते, एवढाच काय तो फरक.

मी फिल्म देत नाही असं सांगितलं. सरांनी दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी मूर्ख म्हणाले, तेही मायेनेच. मी संकलनाच्या खोलीतून तिन्ही डबे उचलले आणि पोलादपूरची एसटी पकडली. वाटेत ठरवत होतो की घरी खरं सांगायचं. बा, तुझी लाज राखली, फिल्म कोणाला दाखवली नाही, दाखवणार नाही, असं म्हणायचं. मला वाटत होतं मी काहीतरी मोठं केलं आहे.

घरी पोचलो तेव्हा बा ओटीवर बसून टोपलीची कड विणत होता. माझ्या खांद्यावरची पिशवी त्याने बघितली. त्या दिवशी आषाढी पौर्णिमा होती. पांढरा सदरा दोरीवर नव्हता. त्याने टोपली बाजूला ठेवली आणि विचारलं, "पास झालास ना?"

त्याच्या आवाजात असं काही होतं की मला सगळं एकदम कळलं. मी त्याची लाज राखली नव्हती. ती त्याने बैठकीत स्वतः उठून विकली होती, मला डिप्लोमा मिळावा म्हणून, आणि मी तो डिप्लोमा मुंबईत टाकून आलो होतो. आता खरं सांगितलं तर त्याच्याकडे काय उरणार होतं?

"झालो," मी म्हणालो.

त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठा श्वास सोडला. "मंग बरं झालं," तो म्हणाला. "फुकट नाय गेलं." मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, कागद कुठे आहे? मी म्हटलं, टपालाने येईल. संध्याकाळी तो मला घेऊन विहारात गेला. दाराशी, शेवटच्या ओळीत, पोरांच्या मागे आम्ही दोघे बसलो. पुढे भागोजी वंदना म्हणत होता आणि चुकत होता. बा मागून हळूच बरोबर शब्द म्हणत होता, ओठांतल्या ओठांत. त्याने धोंडूबाबांना सांगितलं की पोरगा पास झाला. धोंडूबाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, कागद आला की विहारातल्या भिंतीवर लावू, सगळ्या पोरांना दिसू दे.

याला आता सात वर्षं झाली. सिनेमातली नोकरी उशिरा मिळते असं मी घरी सांगितलं आहे, तोवर कारखाना. फिल्मचे डबे माळ्यावर आहेत, दमट हवेने गंजले आहेत, मी उघडून बघत नाही. धोंडूबाबा दोन वर्षांपूर्वी गेले. जाताना त्यांनी श्रीपतला परत पुढे बसवा असं म्हटल्याचं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं तसं काही म्हणाले नाहीत. बा मागेच बसतो.

आठवड्यातून दोनदा चांगू पोस्टमन ओढ्याकडून वाडीत येतो. सायकल तो ओढ्यापलीकडे ठेवतो आणि पिशवी डोक्यावर घेऊन ओढा ओलांडतो, त्यामुळे त्याची पिशवी आधी दिसते आणि मग तो. पिशवी दिसली की बा ओटीवरून उठतो, सदरा खाली ओढून सरळ करतो आणि उभा राहतो. चांगूला आता विचारावं लागत नाही. तो लांबूनच हात हलवून सांगतो, आज नाय, श्रीपतबाबा. बा मान हलवतो, खाली बसतो आणि मी घरी असलो तर माझ्याकडे बघून म्हणतो, सरकारी काम हाय, उशीर व्हतो.